आधी विचारा, पोलिसांनी कागद काय दिला?

गुन्ह्यातल्या पीडितांना मदत करायला नव्याने आलेले कार्यकर्ते पहिल्याच भेटीत कलमं सांगू लागतात. आधी हातातला कागद बघा. पुष्कळदा पिशवीतून एनसीची प्रत निघते आणि माणूस ठाम असतो की गुन्हा दाखल झालाय. एनसी म्हणजे अदखलपात्र नोंद. न्यायदंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलीस तिचा तपास करू शकत नाहीत. हे समजावण्यात अर्धा तास गेला तरी जाऊ द्या, कारण लोक याच गैरसमजात महिनोन्‌महिने वाट बघत बसतात.

1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 प्रमाणे एफआयआरची प्रत फिर्यादीला किंवा पीडिताला मोफत द्यावीच लागते. गुन्हा न नोंदवायला 'आमच्या हद्दीत येत नाही' हे कारण चालत नाही. नोंदवायला नकारच मिळाला तर लेखी तक्रार पोस्टाने वरिष्ठांकडे: सोलापूर शहरातलं प्रकरण पोलीस आयुक्तालयात, बार्शी-अक्कलकोटकडचं ग्रामीण पोलीस अधीक्षकांकडे. पोस्टाची पावती जपा. तिथेही दाद लागली नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे तीच दाखवायची असते.

सोलापुरात खरी गोची होते भाषेची. पूर्व भागातली विडी वळणारी बाई घरी तेलुगू बोलते, तिचा फिर्यादी जबाब मराठीत लिहिला जातो. वाचून दाखवला की ती मान हलवते आणि अंगठा उठवते. पुढे उलटतपासणीत 'हे तुम्ही जबाबात सांगितलं नव्हतं' म्हटलं की तिचं खरं बोलणंही लटकं पडतं. म्हणून वेळ, जागा, कोणी कशाने मारलं, हे एकेक वाक्य तिला तिच्या भाषेत सांगून खात्री करून घ्या. दुरुस्ती अंगठ्याआधी.

गुन्हा रजिस्टर नंबर लिहून ठेवा आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर नव्वदावा दिवस खूण करा. तोवर तपास कुठे आला हे पोलिसांनी कळवायचं असतं (त्याच संहितेचं कलम 193). मोबाईल नंबर बदलला तर तपासी अंमलदाराला लेखी कळवा.

सरकारी वकील सरकारची बाजू मांडतात. त्यांच्या मदतीला न्यायालयाच्या परवानगीने स्वतःचा वकील देता येतो. महिला, मुलं, अनुसूचित जाती-जमातीचे लोक यांना उत्पन्नाची अट न लावता जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून तो मोफत मिळतो. हेल्पलाइन 15100.

आरोपी सापडला नाही, 'ए समरी' (गुन्हा खरा, पण आरोपी मिळाला नाही म्हणून तपास बंद करण्याचा पोलिसांचा अहवाल) झाली, की बहुतेक जण कागद ट्रंकेत टाकतात. पण समरी मंजूर होण्याआधी फिर्यादीचं म्हणणं ऐकायचं असतं, हरकत घेता येते. आणि आरोपीचा पत्ता नसला तरी त्याच संहितेच्या कलम 396 खाली भरपाईचा अर्ज याच प्राधिकरणाकडे करता येतो.