घरच्या घरी लाकडी दागिन्यांची पेटी : आधी पूर्ण बंद करा, मग कापा

दागिन्यांची पेटी बनवायची म्हटलं की बरेच जण खालचा डबा वेगळा आणि झाकण वेगळं बनवायला घेतात, आणि मग शेवटी दोन्हीचं माप कुठेतरी एक-दोन मिलीमीटर चुकतं, झाकण एका कोपऱ्यात वर राहतं आणि कितीही घासलं तरी ते बसत नाही. त्यापेक्षा सरळ चारही बाजू, तळ आणि वरचा पत्रा (म्हणजे वरची फळी हो) चिकटवून एक पूर्ण बंद खोका बनवायचा आणि तो वाळला की करवतीने आडवा कापून झाकण वेगळं करायचं. झाकण आणि डबा एकाच खोक्यातून निघाले की माप आपोआप जुळतं आणि लाकडाच्या रेषासुद्धा वरून खाली सलग दिसतात. पुढचं सगळं या एका गोष्टीभोवती आहे.

पण त्याआधी आत काय ठेवणार ते एका कागदावर मांडून बघा, अगदी खरंच दागिने ठेवून. बांगड्या आडव्या ठेवणार का उभ्या, साखळ्या लटकवायच्या का गुंडाळायच्या, अंगठ्या किती, हे आधी कळलं की माप ठरतं. मी इथे बाहेरून २४० × १६० मिमी आणि उंची ९० मिमी धरतोय, यात बांगड्या आडव्या आरामात बसतात. उभ्या ठेवायच्या असतील तर उंची ११०-११५ करा.

लाकूड १२ मिमी जाडीचं घ्या, सागवान, शिसव, अक्रोड, पाइन, जे मिळेल ते, पण पूर्ण वाळलेलं आणि सरळ हवं. फळी डोळ्यासमोर धरून एका टोकाकडून बघा, पीळ किंवा बाक दिसला तर ती सोडून द्या, कारण वाकड्या फळीतून चौकोनी खोका होत नाही म्हणजे नाहीच. आणलेलं लाकूड लगेच कापू नका, ज्या खोलीत काम करणार तिथे आठवडाभर ठेवा म्हणजे तिथल्या हवेला ते रुळतं. तळासाठी आणि वरसाठी ४ मिमी प्लायवूड.

हत्यारं फार लागत नाहीत : बारीक दातांची करवत, रंधा, गुण्या (काटकोन तपासायचं हत्यार), धारदार पटाशी, मास्किंग टेप, लाकडाचा पांढरा गम, ८० पासून ३२० पर्यंतचे सँडपेपर, छोटा ड्रिल आणि मायटर बॉक्स (करवत बरोबर ४५ अंशात चालावी म्हणून खाचा दिलेला साचा). मायटर बॉक्सची उंची फळीच्या रुंदीपेक्षा जास्त हवी हे घेतानाच बघून घ्या, कारण फळी त्यात उभी धरायची आहे.

आता काम. सुमारे १ मीटर लांब फळी ९० मिमी रुंदीला रंधून घ्या आणि कापायच्या आधीच, अख्खी फळी असतानाच, आतल्या बाजूने खाचा मारा. खालच्या कडेपासून ५ मिमी सोडून ४ मिमी रुंद आणि ५ मिमी खोल एक खाच, तशीच वरच्या कडेपासून दुसरी. राउटर (लाकडात खाचा पाडायचं विजेचं यंत्र) असेल तर पाच मिनिटांचं काम आहे, नसेल तर सरळ पट्टी क्लॅम्पने (आवळून धरायच्या शिकंजाने) धरून तिच्या आधाराने करवतीच्या दोन समांतर चिरा द्या आणि मधलं लाकूड बारीक पटाशीने काढा. वेळ लागतो पण होतं. प्लायचा तुकडा खाचेत घालून बघा, हाताने हलका दाबून आत गेला पाहिजे, ठोकायला लागता कामा नये.

मग ४५ अंशात तुकडे कापायचे, आणि क्रम महत्त्वाचा : लांब, आखूड, लांब, आखूड. एकाच फळीतून या क्रमाने कापलं की तीन कोपऱ्यांवर रेषा सलग वळतात, चौथा कोपरा जुळत नाही, तो मागच्या बाजूला घ्यायचा. समोरासमोरच्या दोन बाजूंची लांबी एकमेकींना तंतोतंत सारखी असायला हवी, २४० च्या ऐवजी दोन्ही २३९ झाल्या तरी काही बिघडत नाही पण एक २४० आणि एक २३९ झाली की कोपरा उघडा राहणार. दोन्ही तुकडे एकावर एक ठेवून टोकावरून बोट फिरवा, डोळ्याला न दिसणारा फरक बोटाला लागतो.

प्लायचे दोन तुकडे २२४ × १४४ मिमीचे कापा, म्हणजे खाचेत प्रत्येक बाजूला १ मिमी मोकळं राहतं. वरती प्लायऐवजी छान रेषांची सॉलिड फळी बसवायची असेल तर ती कडेला पातळ करून खाचेत नुसती सोडा, गम लावू नका. सॉलिड लाकूड पावसाळी हवेत रुंदीत फुगतं आणि कोरड्या हवेत आक्रसतं, त्याला जागा दिली नाही तर ते एकतर स्वतः फाटतं नाहीतर कोपरे फोडतं. प्लाय असं हलत नाही त्यामुळे ती बिनधास्त चिकटवा.

आतली बाजू आत्ताच घासून घ्या, खोका बंद झाला की हात पोचणार नाही.

चिकटवताना क्लॅम्पचा पसारा लागत नाही. चारही बाजू बाहेरचं अंग वर करून टेबलावर एका ओळीत, टोकाला टोक भिडवून ठेवा, एक पट्टी आधाराला लावा म्हणजे ओळ सरळ राहील, आणि प्रत्येक सांध्यावर मास्किंग टेप ताणून चिकटवा. मग सगळं अलगद उलटं करा, आता सांध्यांच्या जागी व्ही आकार दिसतील. त्यात गमचा एक पातळ हात द्या आणि पाचेक मिनिटं थांबा, कारण कापलेलं टोक गम पिऊन टाकतं आणि सांधा कोरडा पडतो, मग दुसरा हात द्या. तळ आणि वरचा तुकडा खाचेत घालून पूर्ण ओळ गुंडाळत आणा आणि शेवटचा कोपरा टेपने ओढून बंद करा. सागवान असेल तर गम लावायच्या आधी सांधा थिनरने पुसून घ्या आणि तो उडून गेला की लगेच चिकटवा, सागाचं अंगचं तेल गमला धरू देत नाही.

लगेच दोन्ही कर्ण मोजा. या मापात ते साधारण २८८ मिमी येतात, पण आकड्यापेक्षा दोन्ही सारखे असणं महत्त्वाचं. एक मोठा आला तर त्या दोन कोपऱ्यांवर हाताने दाबा, गम ओला आहे तोवर खोका सरकतो. मग २४ तास हात लावू नका.

४५ अंशाचा सांधा दिसायला सुंदर पण ताकदीला कच्चा, म्हणून कोपऱ्यांवर तिरक्या चिरा देऊन त्यात वेगळ्या रंगाच्या लाकडाच्या २ मिमी पट्ट्या गमने बसवा. तळापासून २५, ४५ आणि ७५ मिमीवर. ६० वर काही नको कारण तिथूनच कापायचंय.

आणि आता कापणं. तळापासून ६० मिमीवर चारही बाजूंनी धारदार सुरीने रेघ मारा, पेन्सिल नको, सुरीच्या रेघेत करवत बसते आणि कडेचे तुसे निघत नाहीत. एका बाजूने आरपार जाऊ नका, सगळीकडून थोडं थोडं खोल जात खोका फिरवत राहा. दोन बाजू पूर्ण कापून झाल्या की त्या चिरेत करवतीच्या पात्याएवढ्या जाडीचे पुठ्ठ्याचे तुकडे घालून वरून टेप लावा, नाहीतर शेवटच्या बाजूला झाकण खाली बसतं, करवत अडकते आणि कड तुटते. झाकण सुटलं की सपाट काचेवर किंवा टाइलवर १२० चा पेपर चिकटवून दोन्ही भाग त्यावर गोल गोल घासा. झाकण ठेवून उजेडाकडे धरा, फट दिसेनाशी झाली की बास.

पहिलीच पेटी असेल तर माझं स्पष्ट मत, बिजागरीच्या नादी लागू नका. आतून चारही बाजूंना ५ मिमी जाड पट्ट्या उभ्या बसवा, डब्याच्या कडेपेक्षा ८ मिमी वर आलेल्या, झाकण त्यावर अलगद बसतं आणि दिसतंही छान. बिजागरी लावायचीच असेल तर २५ मिमीच्या पितळी दोन घ्या, त्यांच्यासाठी खाच पटाशीने काढा आणि स्क्रूसाठी आधी बारीक भोक पाडा. पितळी स्क्रू मऊ असतो, सरळ पिळला तर डोकंच तुटतं, म्हणून आधी त्याच मापाचा लोखंडी स्क्रू एकदा फिरवून काढा आणि मग पितळी स्क्रूला थोडं मेण लावून बसवा. झाकण मागे पडू नये म्हणून आतून छोटी साखळी किंवा फीत.

आतले कप्पे करायला ५ मिमी पट्ट्या घ्या, जिथे एकमेकींना छेदतात तिथे दोघींना अर्ध्या उंचीपर्यंत खाच मारून एकमेकींत अडकवा, गमही लागत नाही आणि पुढे कप्पे बदलता येतात. मोत्यांना मात्र वेगळा कप्पा द्याच, मोती मऊ असतात आणि हिऱ्याच्या किंवा इतर खड्यांच्या शेजारी राहिले की ओरखडे पडतात.

पॉलिश बाहेरून तेलाचं चालेल, मेणाचं चालेल, पण आतून तेल अजिबात नको, बंद पेटीत त्याचा वास कित्येक महिने जात नाही. आत स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या लाखेचे दोन पातळ हात द्या नाहीतर कोरं ठेवा. जवसाच्या तेलाच्या चिंध्या मात्र चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका, त्या आपोआप तापून पेट घेऊ शकतात, मोकळ्या हवेत पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा. आणि घासताना मास्क हवाच, शिसवाची धूळ काहींना चांगलीच बाधते.

अस्तरासाठी सुती मखमल घ्या. लोकरीचं फेल्ट बघायला छान वाटतं पण लोकरीत गंधक असतं आणि त्याने चांदी काळी पडते, रबराचंही तेच. पातळ पुठ्ठा कप्प्यापेक्षा प्रत्येक बाजूने १-१ मिमी कमी कापा, मखमल त्यावर ताणून गम फक्त मागच्या बाजूला लावा आणि तो पुठ्ठा आत दाबून बसवा, पुढे मळला तर काढून बदलता येतो. अंगठ्यांसाठी मखमलीत फोमच्या गुंडाळ्या भरून शेजारी शेजारी घट्ट बसवल्या की झालं.

दागिने लगेच ठेवू नका. झाकण उघडं ठेवून पेटी आठ-दहा दिवस हवेशीर जागी राहू द्या, आत नाक घालून बघा, गमचा आणि पॉलिशचा वास पूर्ण गेला की मगच भरा, चांदीचे दागिने तर सगळ्यात शेवटी.