वासिव्हिएर तलावात पोहायला उतरताना या चुका टाळा

फ्रान्समध्ये लिमोज शहरापासून गाडीने तासाभरावर वासिव्हिएरचा तलाव आहे. सुमारे १,००० हेक्टरचा पसारा, समुद्रसपाटीपासून ६५० मीटर उंची, चहूबाजूंनी जंगल. दिसायला अगदी निवांत. पण हा निसर्गाने केलेला तलाव नव्हे, मोल्द नदीवर १९५०च्या सुमारास बांधलेल्या वीजधरणाचा जलाशय आहे. इथल्या निम्म्या चुका हे विसरल्यामुळेच होतात.

सूर मारू नका. विहिरीत पोहायला शिकलेल्या मराठी माणसाला पाणी दिसलं की काठावरून उडी घ्यायची ऊर्मी येते. विहिरीचा तळ आपल्या ओळखीचा असतो, इथला नसतो. धरणाच्या पाण्याची पातळी खालीवर होते. मागच्या खेपेला जिथे पाणी डोक्यावर होतं, तिथे आता कमरेएवढं असेल आणि खाली ग्रॅनाइटचे दगड. आधी चालत आत जा. धरणाच्या भिंतीच्या आसपास तर फिरकूही नका.

दुसरी चूक गारव्याची. जुलैत वरचा थर सुखद लागतो, पण पाय खाली सोडले की गारठा कळतो. दुपारभर उन्हात पडून एकदम पाण्यात शिरलात तर धाप लागते, श्वास आपोआप आत ओढला जातो, आणि नेमकं तेव्हा तोंड पाण्यात असेल तर पाणीच आत जातं. म्हणून मान, चेहरा, छाती आधी भिजवा आणि श्वास ताळ्यावर येईपर्यंत पाय टेकतील एवढ्याच पाण्यात थांबा. आत गेल्यावर धाप लागलीच तर हातपाय मारत सुटू नका. उताणे व्हा, तरंगत राहा. एकदोन मिनिटांत ती ओसरते. पायात गोळा आला तरी आधी उताणेच व्हा, मग पायाचा चवडा स्वतःकडे ओढा.

तलावातलं बेट जवळ दिसतं म्हणून तिकडे पोहत निघणं हा माझ्या मते सगळ्यात मोठा वेडेपणा. पाण्यावर अंतर फसवं दिसतं, शिवाय तलावात मोटरबोटी फिरतात आणि चालवणाऱ्याला तुमचं डोकं दिसेलच असं नाही. बेटावर जायला पूल आहे की! तिथलं आल्दो रोस्सी आणि झाव्हिए फाब्र या वास्तुविशारदांनी उभारलेलं कलाकेंद्र, त्याचा दीपगृहासारखा मनोरा, हे पायीच बघा. लांब पोहायचंच असेल तर काठाला समांतर पोहा, कमरेला भडक रंगाचा फुगा बांधा आणि दर आठ-दहा हात मारले की मान वर काढून एखादी ठळक खूण बघा. तलावाच्या तळाला तरणतलावासारखी सरळ रेघ आखलेली नसते, त्यामुळे जो तो एका बाजूला वाहवत जातो.

झेंडे वाचा. २०२२पासून फ्रान्सभर एकच पद्धत आहे: लाल-पिवळ्या दोन झेंड्यांमधली जागा जीवरक्षकांच्या नजरेखाली, हिरवा म्हणजे खास धोका नाही, पिवळा म्हणजे जपून, लाल म्हणजे पोहायला बंदी, जांभळा म्हणजे प्रदूषण. झेंडाच नसेल तर तुमच्यावर कुणाचंही लक्ष नाही. उन्हाळ्याच्या शेवटी पाण्यावर हिरवट साय दिसली तर ते विषारी शेवाळ असू शकतं. मुलांना आणि कुत्र्याला लांब ठेवा, फलकावरची सूचना बघा.

आणि मदतीसाठी ११२ला फोन लावलात तर नुसतं ‘तलावावर’ म्हणू नका. हा तलाव दोन जिल्ह्यांच्या हद्दीत पसरला आहे. ऑफेल, ब्रूसास की व्होव्हे, किनाऱ्याचं नाव सांगा.