पॅटागोनियाचा ओपॉसम उंदीर का नाही, हे मुलांना कसं दाखवायचं

पॅटागोनियाचा ओपॉसम हा दक्षिण अमेरिकेच्या दक्षिण टोकाकडचा, उंदरासारखा दिसणारा छोटा प्राणी. चोपड्याच्या शाळेत मी तो असा शिकवते. केळीच्या बागेत सापडलेली उंदराची कवटी आधी मुलांच्या हाती द्या. पुढचे दात मोजायला सांगा: वर २, खाली २. मग या ओपॉसमच्या कवटीचं मोठं चित्र ठेवा: पुढचे दात वर १०, खाली ८; दाढांसकट तोंडातले सगळे दात मिळून ५०. पोरं पुन्हा मोजतात. मोजू द्या, घाई करू नका.

आता नाव सांगा: लेस्टोडेल्फिस हॅली. ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञ ओल्डफिल्ड थॉमस यांनी १९२१ मध्ये या जातीचं पहिलं शास्त्रीय वर्णन केलं. कुळ डायडेल्फिडी, प्रजातीत (genus) जात (species) एकच. याच्या मादीला पिशवी नसते, तरी तो शिशुधानी (कांगारूसारख्या, बहुतेक पिशवीत पिल्लं वाढवणाऱ्या प्राण्यांच्या) गटातलाच, हे फळ्यावर ठळक लिहा. चित्र काढताना शेपटी बुडाशी जाड ठेवा, तिथे चरबी साठते.