बडी रात: कब्रस्तानाच्या वाटेला लागण्याआधी करायची तयारी

शाबान महिन्याच्या 14 तारखेचा सूर्य मावळला की मगरिबच्या अजानबरोबर शब-ए-बारात ही माफीची रात्र सुरू होते, जिला मुंबईच्या मोहल्ल्यांत बडी रात म्हणतात. इस्लामी तारीख सूर्यास्ताला बदलते आणि महिना चंद्रदर्शनावर ठरतो, म्हणून रात्र नेमकी कोणती हे छापील कॅलेंडरवरून न ठरवता जवळच्या मशिदीत विचारून घ्यावे. खरी तयारी मात्र त्याच्या निदान आठवडाभर आधी सुरू व्हायला हवी, आणि ती अगरबत्ती किंवा फुलांची नव्हे, माणसांची असते.

या रात्री अल्लाह आपल्या बंद्यांना क्षमा करतो, परंतु शिर्क करणारा, म्हणजे अल्लाहबरोबर दुसऱ्याला भागीदार मानणारा, आणि मनात वैर धरणारा हे दोघे त्या क्षमेबाहेर राहतात, अशी हदीस, म्हणजे प्रेषितांचे वचन, आहे. या रात्रीसंबंधीच्या हदीसींच्या सनदेबद्दल, म्हणजे ती कोणाकोणाकडून सांगत आली त्या साखळीबद्दल, आलिमांमध्ये (धर्मपंडितांमध्ये) मतभेद आहेत आणि काही पंथांचे लोक या रात्री विशेष इबादत (उपासना) करत नाहीत. तरी वैर सोडावे आणि दुसऱ्याचा हक्क परत करावा, याबद्दल कोणाचेच दुमत नाही. म्हणून सुरुवात एका कागदाने करावी. ज्याचे पैसे द्यायचे राहिले, खोलीच्या वाटणीवरून ज्या भावाशी बोलणे बंद झाले, पाण्याच्या वेळेवरून ज्या शेजारणीला नको ते बोललो, अशी नावे त्यावर लिहावीत. सर्वांना एकच माफीचा संदेश व्हॉट्सॲपवर पाठवण्याची जी पद्धत पडली आहे, तिने यातले काहीही साधत नाही, कारण तो संदेश ज्याचे मन दुखावले त्याला आणि ज्याच्याशी कधी भांडण झालेच नाही त्याला सारखाच जातो. प्रत्यक्ष जावे, जमत नसेल तर फोन करावा, आणि आपले काय चुकले ते नेमके सांगावे. पैशांचा मामला असेल तर नुसती माफी पुरत नाही, रक्कम परत करावी लागते. तो माणूस वारला असेल तर ती त्याच्या वारसांची असते, आणि वारस शोधूनही सापडत नसतील तर त्याच्या नावाने सदका (दान) करावा.

आपल्या मृतांसाठी दुआ (प्रार्थना) मागायला कब्रस्तानात जाण्यासाठी मध्यरात्रच गाठावी असे काही नाही. मरीन लाइन्सच्या बडा कब्रस्तानात किंवा माझगावच्या नारियलवाडीत त्या रात्री एवढी गर्दी असते की उभे राहून दोन शब्द मनापासून म्हणणे अवघड होते; वयस्कर माणसांनी आणि लहान मुलांना घेऊन जाणाऱ्यांनी असरनंतरची, म्हणजे दुपार उतरतानाच्या नमाजानंतरची, वेळ निवडलेली बरी. आत शिरताना कबरींमधल्या सर्वांना सलाम करावा, कबरीवर पाय देऊ नये, टेकून बसू नये, फातिहा (कुरआनचा पहिला अध्याय) पढून मय्यतीसाठी (मृतासाठी) दुआ मागावी. मुंबईत जागा अपुरी असल्याने काही काळानंतर त्याच जागेत दुसऱ्याचे दफन होते. त्यामुळे वडिलांची खूण सापडली नाही तर तिथल्या सेवकांशी हुज्जत घालू नये. दुआ कोठूनही पोहोचते, आणि ज्या कब्रस्तानांत स्त्रियांना प्रवेश नाही तेथे हीच गोष्ट घरच्या बायकांनाही सांगावी.

मुलांना नव्या कबरीपाशी नक्की न्यावे. माती अजून ओली आणि उंच असते, फुले कोमेजू लागलेली असतात. दफनाच्या वेळी प्रत्येक जण तीन मुठी माती देतो आणि त्याबरोबर कुरआनची जी आयत म्हणतो, तिचा आशय असा की, याच मातीतून आम्ही तुम्हाला निर्माण केले, हिच्यातच परत पाठवू आणि हिच्यातूनच पुन्हा उठवू. हा आशय मुलांना तिथेच समजावून सांगावा. मृत्यूची गोष्ट लहानांपासून लपवावी असे मला वाटत नाही. बडा कब्रस्तानाला लागूनच चंदनवाडीची स्मशानभूमी आहे. तिथून एखादी अंत्ययात्रा जात असेल तर थांबून वाट द्यावी. प्रेषितांसमोरून एका यहुद्याचा जनाजा गेला तेव्हा ते उठून उभे राहिले होते, आणि कारण विचारल्यावर तोही एक जीवच नव्हता का, असे म्हणाले होते.

रात्रीच्या नफल (ऐच्छिक) नमाजांची सक्तीची संख्या कोणतीही नाही. घरी एकट्याने झेपेल तेवढे पढावे, तिलावत (कुरआनचे पठण) करावी आणि थोडे झोपावे, कारण रात्रभर नफल पढून फजरची (पहाटेची) फर्ज, म्हणजे बंधनकारक, नमाज चुकवणे हा तोट्याचा व्यवहार आहे. ज्यांच्या घरी तरुण मुले आहेत त्यांनी मोटारसायकलची किल्ली त्या रात्री स्वतःजवळ ठेवावी. मरीन ड्राइव्हवर वेगाची शर्यत लावून माफीच्या रात्री आईला जन्मभराचे दुःख देण्यात कोणतीही इबादत नाही.

या रात्री वाटायच्या हलव्याचे ताट सहसा ज्यांच्या घरी आधीच चार ताटे आलेली असतात त्यांच्याकडेच फिरते. चण्याच्या डाळीचा हलवा केलाच असेल तर पहिला वाटा इमारतीच्या वॉचमनचा आणि जिना झाडणाऱ्या बाईचा काढावा, मग ते कोणत्याही धर्माचे असोत. रस्सा शिजवताना पाणी वाढवा आणि शेजाऱ्याला द्या, ही प्रेषितांची शिकवण आहे. परळला टाटा रुग्णालयाबाहेर फूटपाथवर राहणाऱ्या रुग्णांकडे जायचे असेल तर पिशव्या भरून नेण्याआधी काय हवे ते विचारावे. उपचार चालू असलेल्याला गोड किंवा तळलेले चालेलच असे नाही. पुष्कळदा औषधाच्या चिठ्ठीतली एखादी गोळी किंवा गावी जाण्याचे तिकीट जास्त कामाला येते. असे देताना फोटो काढू नये.

शेवटचे काम वसीयतीचे, म्हणजे मृत्युपत्राचे, आहे, आणि ते सर्वांत जास्त टाळले जाते. ज्याच्याकडे वसीयत करण्याजोगे काही आहे त्याने ती लिहून ठेवल्याशिवाय दोन रात्रीही काढू नयेत, अशी स्पष्ट हदीस आहे. मालमत्तेतून आधी कफन-दफनाचा खर्च, मग कर्जफेड, मग उरलेल्याच्या जास्तीत जास्त एक तृतीयांश भागापर्यंत वसीयत आणि बाकीचे वारसांना, असा क्रम आहे. पत्नीचे न दिलेले मेहर, म्हणजे निकाहात नवऱ्याने तिला द्यायची कबूल केलेली रक्कम, हेही कर्जच आहे, आणि निकाहनाम्यात आकडा असूनही कितीतरी घरांत ते नवऱ्याच्या मृत्यूपर्यंत तसेच राहते. म्हणून देण्यांच्या यादीत ते सर्वांत वर लिहावे, दोन साक्षीदारांच्या सह्या घ्याव्यात, कागद पत्नीला आणि जाणत्या मुलांना वाचून दाखवावा, आणि रमजानचा चंद्र दिसेपर्यंतच्या पंधरवड्यात यातली जी देणी फिटतील त्यांच्यापुढे फेडल्याची तारीख टाकावी.