गिअरच्या बाईकचं पक्कं लायसन्स: आरटीओचा आठ कसा काढायचा

लर्निंग लायसन्स निघालं की बरेच जण निवांत होतात. हल्ली आधारवर घरबसल्या परीक्षा होते, प्रिंट काढली, गाडीला पुढं-मागं लाल एल चिकटवला की झालं असं वाटतं, आणि मग पाचव्या महिन्यात जाग येते की अरे हे तर सहाच महिने चालतं आणि आता स्लॉट मिळेना. तर पहिलं काम हे करा, लर्निंगला ३० दिवस झाले की लगेच सारथी पोर्टलवर, म्हणजे परिवहन खात्याच्या लायसन्सच्या वेबसाइटवर, पक्क्या लायसन्सचा अर्ज भरा आणि टेस्टची तारीख घ्या. मोठ्या शहरांत स्लॉट पटापट भरतात. लर्निंग संपलं तर सगळं पहिल्यापासून, परत फी, परत परीक्षा.

दुसरं, कॅटेगरी. टेस्ट गिअरच्या गाडीवरच द्या. घरात स्कूटर आहे, सोपी पडते, म्हणून तिच्यावर देतात आणि मग लायसन्सवर विनागिअर पडतं, आणि पुढं भावाची बाईक घेऊन कुठं ठोकली की इन्शुरन्सवाले पहिलं लायसन्सच बघतात. गंमत म्हणजे आपल्याकडे गिअरच्या बाईकला सीसीची अट नाही, १०० सीसीवर पास झालात की तेच लायसन्स बुलेटलाही चालतं. हे बरोबर आहे का यावर वाद घालता येईल, पण आहे तोवर फायदा घ्या आणि टेस्टला हलकी गाडी न्या. स्प्लेंडर, शाईन, प्लॅटिना, जी मिळेल ती. १९० किलोच्या आसपासची बुलेट घेऊन आठ काढायला जाणं म्हणजे उगाच अंगावर घेणं. बाकी गिअरला वय १८ पूर्ण लागतं, १६ व्या वर्षी मिळतं ते फक्त ५० सीसीपर्यंतच्या विनागिअरचं.

आता मेन गोष्ट. ही टेस्ट हळू चालवण्याची आहे. जमिनीवर इंग्रजी आठ (8) आखलेला असतो, पाय न टेकता आणि गाडी बंद न पाडता त्यावरून फिरायचं. हायवेला ८० ने जाणारी पोरं इथं पाय टेकवतात, कारण चालण्याच्या स्पीडला गाडी धरायची सवयच नसते. म्हणून प्रॅक्टिस रस्त्यावर कमी आणि मैदानात जास्त करा.

मोकळं मैदान बघा, सकाळी क्रिकेटवाले यायच्या आत. आधी आठबिठ नको. फर्स्ट गिअर टाकून क्लच अर्धा सोडा, जिथं गाडी पुढं सरकायला लागते तिथं हात थांबवा, मग परत दाबा, परत सोडा. तो पॉइंट बोटांना कळला पाहिजे, बघावं लागता कामा नये. मग सरळ रेषेत जितकं हळू जाता येईल तितकं हळू जा, रेस थोडीशी आणि एकसारखी ठेवा, स्पीड कमी करायचा तो उजव्या पायाच्या ब्रेकनं, अगदी हलका टेकवून. पुढचा ब्रेक वळताना विसरूनच जा, हँडल वळलेलं असताना पुढचा दाबला की गाडी आडवी होते, सावरायला वेळच मिळत नाही. आणि २०१९ नंतरच्या १२५ सीसीपर्यंतच्या गाड्यांना बहुतेक कंबाइंड ब्रेक असतो, म्हणजे पायाचा दाबला की पुढचाही थोडा लागतो, त्यामुळे तिथं पायही हलकाच ठेवा.

हे जमलं की दोन विटा ठेवा, मध्ये भरपूर अंतर, आणि त्यांच्याभोवती आठ काढा. कबड्डीच्या ग्राउंडला मारतात तशी फक्की मिळाली तर उत्तमच, रेषा दिसते. आधी मोठा आठ, मग विटा जवळ आणत जा. बहुतेकांना एक बाजू सोपी जाते आणि दुसरी अवघड, उजवीकडं वळताना रेसचा हात अंगाकडं येतो आणि नकळत मनगट फिरून रेस वाढते, त्यामुळे उजवा गोल जास्त वेळा काढा. गुडघे टाकीला चिकटलेले, खांदे ढिले, आणि गाडी आत झुकली तर अंग थोडं बाहेर. नजर सगळ्यात महत्त्वाची. पुढच्या चाकाकडं बघितलं की पडलातच समजा, विटेकडं बघितलं की विटेवरच जाणार. एका गोलाच्या अर्ध्यात असतानाच मान वळवून पुढचा गोल बघा, हँडल आपोआप तिकडं जातं. विचित्र वाटेल पण करून बघा.

गाडीचं पण बघा. क्लचची वायर फार घट्ट किंवा फार ढिली नको. जुनी कार्बोरेटरवाली गाडी असेल तर मेकॅनिककडून आयडलिंग, म्हणजे रेस न देता इंजिन फिरतं तो वेग, जरासं वाढवून घ्या, आठ काढताना बंद पडत नाही. २०२० नंतरच्या बीएस सिक्स गाड्यांत बहुतेक इंजेक्शन असतं, तिथं हे करायची गरज पडत नाही. अनोळखी गाडी टेस्टच्या दिवशी पहिल्यांदा हातात घेऊ नका, आदल्या दिवशी तरी मैदानात फिरवून आणा. आणि शिकताना मागं मित्राला बसवून फिरू नका, लर्निंगवर शिकवणाऱ्या लायसन्सधारकाशिवाय मागं कुणी चालत नाही.

जमलं तर टेस्टच्या आधी एकदा आरटीओत जाऊन कुंपणाबाहेर अर्धा तास नुसते उभे राहा. प्रत्येक ठिकाणचा ट्रॅक जरा वेगळा असतो, सुरुवात कुठून करायला लावतात, कुठं थांबवतात, लोक नेमके कुठं पाय टेकवतात, सगळं फुकटात दिसतं. पुण्यात टू-व्हीलरसाठी आळंदी रोडच्या ऑफिसात जावं लागायचं आणि कारसाठी भोसरीला, तेव्हा अपॉइंटमेंटच्या कागदावरचा पत्ता नीट वाचा.

त्या दिवशी सोबत लर्निंग, अर्जाची प्रिंट, फीची पावती, ओरिजिनल ओळखपत्र, गाडीचं आरसी, चालू इन्शुरन्स आणि पीयूसी. पीयूसी संपलेली निघाली म्हणून परत पाठवलेली माणसं कायम दिसतात, आदल्या रात्री तारखा बघा. हेल्मेट आयएसआय मार्कचं, आणि पट्टा लावलेला. नुसतं डोक्यावर ठेवू नका, इन्स्पेक्टर तेच आधी बघतात. निघताना साइड स्टँड वर, आरसा बघा, इंडिकेटर द्या, मान वळवून मागं बघा. हे जरा दिसेल असं करा, लाजायचं काय त्यात. हाताचे इशारेही पाठ असू द्या, विचारू शकतात: उजवा हात सरळ बाहेर म्हणजे उजवीकडं, तोच हात गोल फिरवला की डावीकडं, कोपरातून वर उभा केला की थांबतोय, वर-खाली हलवला की स्पीड कमी करतोय.

गेटवर एजंट भेटतीलच, 'टेस्ट नावाला असते, आम्ही बघतो' म्हणणारे. सरकारी फी ऑनलाइन भरताना स्क्रीनवर दिसते, एजंट सांगतो तो आकडा तिच्याशी ताडून बघा म्हणजे कळेल. फॉर्म भरायला कुणाची मदत घेतली तर ठीक, पण आठ स्वतःच काढा, मैदानात घाम गाळलाय तर तेवढं जमतं.

नापास झालात तर आभाळ कोसळत नाही. सात दिवसांनी परत देता येते, फक्त तीनदा नापास झालात तर पुढच्यासाठी ६० दिवस थांबावं लागतं. आणि लर्निंगची तारीख तोवर पळतच असते, म्हणून सुरुवातीलाच म्हटलं की लवकर अर्ज करा.

पास झालात की कार्ड पोस्टानं घरी येतं, पत्ता चुकला असेल तर ते परत जातं, तेव्हा अर्जातला पत्ता आधीच तपासा. तोवर डिजिलॉकरमधलं पोलिसांना दाखवायला चालतं. कार्ड हातात आलं की एमसीडब्ल्यूजी (मोटरसायकल विथ गिअर) लिहिलंय ना ते बघा, नाव आणि जन्मतारीख बघा, चूक असेल तर लगेच दुरुस्तीला टाका. तिशीच्या आत काढलंत तर ते चाळिशीपर्यंत चालतं, तिशी ते पन्नाशीत काढलंत तर १० वर्षं.