अचाफलायाला निघायच्या आधी

मंडळी, एप्रिलच्या शेवटच्या वीकेंडचं फायनल झालंय, सहा मोठे आणि दोन पोरं, लुइझियानात अचाफलाया नदीवरच्या हेंडरसन गावी हाउसबोट आणि फिरायला सोबत एक छोटी मोटरबोट. ग्रुपवर रोज तेच तेच प्रश्न येतायत म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो, नीट वाचा, मागाहून "आम्हाला कुणी सांगितलंच नाही" चालणार नाही.

सगळ्यात आधी पाणी. प्यायचं नव्हे, नदीचं. गेल्या ऑक्टोबरात आम्ही चौघं गेलो तेव्हा चिप्स किती पाकिटं घ्यायची यावर अर्धा तास घालवला आणि पाणी किती आहे हे कुणीच बघितलं नाही. अचाफलायाचं पाणी म्हणजे मोठ्या नदीतला वाटा आहे, वर ओल्ड रिव्हरला दरवाजे बांधलेत आणि १९६३ पासून मिसिसिपी आणि रेड या दोघींचं मिळून जेवढं येतं त्यातलं ३० टक्के इकडे सोडतात, त्यामुळे इथे ह्यूस्टनमध्ये आभाळ कोरडं ठणठणीत असलं तरी तिकडे उत्तरेला बर्फ वितळलं की बेसिन, म्हणजे नदीचा सगळा दलदलीचा खोलगट भाग, भरतं. साधारण वसंतात पाणी वर, सप्टेंबर-ऑक्टोबरात पार तळाला. तिथले मासेमार ब्यूट ला रोझ गावच्या गेजवर (पाण्याची पातळी मोजायची पट्टी) बोलतात, तो आकडा नॅशनल वेदर सर्व्हिसच्या साइटवर दिसतो, पुढच्या दिवसांच्या अंदाजासकट, आणि आठवडाभर आधीपासून रोज सकाळी तो बघणं हे काम माझ्याकडे.

का, तर पाणी कमी असलं की जुन्या तोडलेल्या सायप्रस झाडांचे बुंधे पाण्याखाली वीतभरावर उभे असतात आणि वरून काही म्हणजे काही दिसत नाही, चहाच्या रंगाचं पाणी, बस. आम्हाला ठक्कन आवाज आला आणि प्रोपेलर गेला, मग चार तास डासांना रक्तदान. शेवटी एका आजोबांनी आपल्या होडीला दोर बांधून ओढत आणलं, पैसे घेतले नाहीत, एवढंच विचारलं की गेज बघून आला नव्हतात का. पाणी फार चढलं तरी गंमत नाही हां, ओढ वाढते, अख्खे ओंडके वाहत येतात आणि बांधायला कोरडा काठच उरत नाही. तसं दिसलं तर ट्रिप पुढे ढकलायची, कुणीही रुसायचं नाही.

बोट कोण चालवणार? लुइझियानात १ जानेवारी १९८४ नंतर जन्मलेल्याला १० हॉर्सपॉवरच्या वरची मोटर चालवायला बोटिंगचा कोर्स केलेला लागतो, ऑनलाइन होतो, दोघांनी तरी या आठवड्यात करून टाका आणि सर्टिफिकेट सोबत ठेवा. चालवणाऱ्याच्या अंगाला ती लाल किल स्विचची दोरी अडकवलेली पाहिजे, माणूस पाण्यात पडला की इंजिन बंद होतं, नाहीतर बोट गोल फिरून त्याच्याच अंगावर येते. बिअर हाउसबोट बांधल्यावर. पाण्यावरही रक्तातल्या दारूची ०.०८ टक्क्यांचीच मर्यादा आहे, गाडीसारखीच.

लाइफ जॅकेट प्रत्येकाच्या मापाचं, आणि छोट्या बोटीत १६ वर्षांपर्यंतच्या पोरांनी बोट चालू असताना घातलेलंच असलं पाहिजे, हा तिथला कायदा आहे. मोठ्यांनीही घाला, "मला पोहता येतं" हे विहिरीत ठीक होतं. शिट्टी, आग विझवायचं सिलिंडर, बुडणाऱ्याकडे फेकायची तरंगती गादी हे बोटीबरोबर मिळायला हवं, पण ताब्यात घेताना हाताने मोजून घ्या. एक लांब काठी आणि वल्हं मी आणतोय.

जलपर्णी आठवतेय ना, पुण्यात पवना-मुळेत हिरवा गालिचा असतो ती? तीच इथेही आहे. इतकी माजली होती की १९१० साली इथल्याच ब्रुसार्ड नावाच्या काँग्रेसमनने ती खायला आफ्रिकेतून पाणघोडे आणायचं बिल मांडलं होतं, खरंच, पास झालं नाही म्हणून आज आपल्याला फक्त अॅलिगेटर बघायचेत. आपल्या कामाचं एवढंच की ही इंजिनाच्या पाणी ओढायच्या जाळीत अडकते, मागून येणारी बारीक धार थांबली की लगेच इंजिन बंद, मोटर वर उचला, हाताने साफ करा.

ह्यूस्टनच्या बफेलो बायूवर (संथ ओढा) कयाक केलंय म्हणून फुशारकी नको, इथे तेल कंपन्यांनी खोदलेले कालवे सगळे एकसारखे सरळसोट, दहा वळणं घेतली की आपण कुठून आलो ते देवाला माहीत. ऑफलाइन मॅप घरूनच डाउनलोड करा, ट्रॅक चालू ठेवा, मोबाइलला रेंज मिळेलच असं नाही. पाटी लावलेली दिसली तर मागे फिरा, इथे पाण्याखालची जमीन खासगी असू शकते. पेट्रोलचे तीन भाग, एक जायला, एक यायला, एक हात न लावायचा. आणि मुख्य नदीच्या पात्रात बार्ज (मालाचे सपाट तराफे) ढकलणारे टोबोट दिसले की आपण बाजूला, एकेक बार्ज १९५ फुटी आणि पुढचं त्याला दिसत नाही, थांबताही येत नाही. कुठे जातोय, कधी परततोय ते कागदावर लिहून घरी राहणाऱ्या वहिनींकडे द्या.

किरकोळ पण महत्त्वाचं: फांदीखाली बोट बांधायच्या आधी वर बघा, गांधीलमाश्यांची पोळी असतात. जनरेटर चालू असताना हाउसबोटच्या मागच्या बाजूला कुणी पाण्यात उतरायचं नाही, धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. पूर्ण बाह्यांचे शर्ट, डासांचा स्प्रे, टॉर्च, गाडीच्या किल्ल्या तरंगणाऱ्या कीचेनमध्ये. हाउसबोटवर संडास आहे, टाकी लहान आहे, समजून घ्या.

जेवणाचं फार डोकं लावू नका. थालीपिठाची भाजणी, मेतकूट, शेंगदाण्याची चटणी, पहिल्या रात्री पिठलं-भात, बर्फ भरपूर. जाताना वाटेतल्या स्कॉट गावी बूदँ (मांस-भाताचं सॉसेज) घेऊ, क्रॉफिशचा (गोड्या पाण्यातले छोटे शेवंडे) सीझनच आहे, शाकाहारी मंडळींनी आपला डबा सांभाळावा. शुक्रवारी सकाळी सहाला बेटाउनच्या पंपावर भेटायचं, तिथून साडेतीन-चार तास.

आणि चिवड्याचं एक पाकीट जास्तीचं घ्या रे कुणीतरी, ते आजोबा हेंडरसनच्या धक्क्यावरच असतात.