आरडी ३५० (यामाहाची जुनी मोटरसायकल) चा रेग्युलेटर-रेक्टिफायर (व्होल्टेज आवरणारा आणि करंट बॅटरीजोगा डीसी करणारा पार्ट) बदलताना

इंदूरच्या राजवाड्याच्या गर्दीत लाइट लावून बसलात की तशीही बॅटरी भरत नाही, त्यामुळे आधी मीटर लावा मगच पार्ट काढा. गाडी ३००० आरपीएमवर धरा, बॅटरीवर १४ ते १४.५ व्होल्ट दिसायला हवे. १५ च्या वर गेलं तर रेग्युलेटर गेला समजा, १२.५ लाच अडकलं तर आधी अल्टरनेटरचे (इंजिनवर फिरून वीज बनवणारा भाग) कार्बन ब्रश बघा, बऱ्याचदा तेच झिजलेले असतात आणि लोक उगाच रेक्टिफायरला शिव्या घालतात.

दुकानदार म्हणेल "भिया, कोई भी लगा लो, चल जाएगा", ऐकू नका. हिच्या अल्टरनेटरला फील्ड कॉइल आहे, म्हणजे मॅग्नेटच्या जागी करंटने चुंबक होणारी कॉइल, परमनंट मॅग्नेटवाल्या नव्या गाडीचा युनिट चालणार नाही, फील्ड कंट्रोलवालाच मागा.

बॅटरीची निगेटिव्ह आधी काढा. रेक्टिफायरच्या, अल्टरनेटरकडून येणाऱ्या तीन पांढऱ्या वायरी कुठल्याही क्रमाने लावा, लाल मात्र बॅटरीच्या पॉझिटिव्हलाच. लाल उलटी लागली तर रेक्टिफायरमधले डायोड तिथेच उडतात. रेग्युलेटरची हिरवी फील्डला, ब्राउन इग्निशनला, काळी अर्थला. अर्थची वायर जिथे बसते तिथला रंग सँडपेपरने चकचकीत पत्रा दिसेपर्यंत घासा, इथे आळस नको, मग पुन्हा मीटर लावून बघा.